बुद्धिबळाच्या बातमीत डावही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर आमच्या मंडळाच्या रॅपिड बुद्धिबळ स्पर्धेची बातमी आली. बातमी दिलीत, फोटो दिलात, त्याबद्दल मंडळातर्फे आभार. पण ती वाचून जे मनात आले ते लिहितो, राग मानू नये.

बातमीत प्रमुख पाहुणे आले, अध्यक्ष आले. प्रास्ताविक कोणी केले, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले हे आले. 'यावेळी उपस्थित होते' म्हणून नावांची भलीमोठी रांग आली. सगळ्यात शेवटी पहिल्या तीन क्रमांकांची नावे आणि गुण. फोटोत पाहुणे पांढरे प्यादे चिमटीत धरून कॅमेऱ्याकडे बघताहेत. पट आडवा मांडलाय, उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळे घर आलेय, हे आमच्याकडच्या दुसरीतल्या पोराने पेपर हातात घेतल्या घेतल्या सांगितले. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत हॉलमध्ये डावांवर डाव चालले होते. त्यातल्या एकाही डावात काय घडले याची एक ओळसुद्धा बातमीत नाही.

माझी मागणी एवढीच की बुद्धिबळाच्या बातमीत डावही छापा. अख्खा नको, त्यातली एखादी जागा छापा, जिथे डाव फिरला.

मी काही मोठा खेळाडू नव्हे. महाद्वार रोडला लागून एका बोळात माझे घड्याळ दुरुस्तीचे दुकान आहे. मंडळाशी माझा संबंध आला तो चावीच्या घड्याळांमुळे. नव्या पोरांनी ती पाहिलीही नसतील. लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या आणि डोक्यावर दोन बटणे. आपले बटण दाबले की आपले घड्याळ थांबते आणि समोरच्याचे चालू होते. मोठा काटा बाराच्या जवळ आला की एक लाल झेंडी हळूहळू उचलली जाते, बारावर पोचला की ती पडते. झेंडी पडली की वेळ संपली. ही घड्याळे माझ्याकडे यायची ती बहुतेक एकाच दुखण्याने, बॅलन्सचा पिन वाकलेला. चाल केल्यावर बटणावर बुक्की मारायची काही जणांना सवय असते. कुठले घड्याळ कुणाच्या टेबलावर होते हे मला पेटी उघडल्यावर न विचारता कळायचे. आता सगळी डिजिटल आली. चाल केली की दहा सेकंद वाढून मिळतात. ही वेळ वाढवून द्यायची युक्ती बॉबी फिशरची, त्याने 1988 मध्ये अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यामुळे माझे काम सेल बदलण्यापुरते उरले. मंडळाने मग मला खजिनदार केले. घड्याळजीला हिशेब बरोबर येतो असे त्यांना का वाटले कुणास ठाऊक.

मुद्द्यावर येतो. कोल्हापूरला खेळाच्या बातम्या वाचायला शिकवावे लागत नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेल्या खासबागेत कुस्ती झाली की दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात येते, अमक्याने एकेरी पट काढला, तमक्याने तो सोडवून कब्जा घेतला, मग घिस्सा मारून चितपट केले. ज्याने आयुष्यात लाल माती अंगाला लावली नाही तोही चहाच्या गाड्यावर 'घिस्सा बसला की सुटका नाही' असे ठासून सांगतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची फुटबॉल मॅच झाली तर कितव्या मिनिटाला कुणी उजवीकडून पास दिला, कुणी हेड केला, बॉल गोलच्या आडव्या दांड्याला लागून कसा परत आला हे सगळे येते. 'पाटाकडील जिंकले, पाहुण्यांच्या हस्ते चषक दिला' एवढेच छापले तर पेठेतली पोरे तुमच्या कार्यालयावर येतील. मग बुद्धिबळानेच काय घोडे मारले आहे?

आता त्या दिवशी काय घडले ते सांगतो, म्हणजे मी काय मागतोय ते कळेल.

सहावी फेरी. पुढच्या टेबलांवर विजेतेपदाची चढाओढ, गर्दी तिकडेच. मी मागच्या रांगेत चहाचे कप गोळा करत होतो. तिथे फुलेवाडीची एक मुलगी खेळत होती, पाचवीतली. खुर्चीवर नीट बसली तर पटाचा पलीकडचा भाग तिला दिसत नाही, म्हणून खुर्चीवर गुडघे टेकून खेळते. समोर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अंगाने धिप्पाड, पांढरी मोहरी त्याच्याकडे. पटावर फारसे काही उरले नव्हते. त्याच्याकडे राजा, एक उंट आणि दोन प्यादी, एक जी फाइलमध्ये (फाइल म्हणजे पटावरची उभी रांग) आणि दुसरे अगदी कडेच्या एच फाइलमध्ये, एक घर पुढे. हिच्याकडे राजा आणि एक घोडा. म्हणजे हरल्यात जमा. शेजारच्या टेबलावरचा एक पालक मला हळूच म्हणालाही, 'आता राजीनामा द्यायला पाहिजे पोरीनं.'

तिने बराच वेळ विचार केला. घड्याळात दोन मिनिटेसुद्धा नव्हती. मग घोडा उचलला आणि जी फाइलमधले प्यादे मारले. विद्यार्थ्याने राजाने तो घोडा खाल्ला, खाणारच. त्याच्या चेहऱ्यावर असे भाव की बिचारी दमली. आता हिच्याकडे एकटा राजा आणि याच्याकडे उंट आणि प्यादे. प्याद्याचा वजीर करायचा की संपले.

पण तो वजीर होणार कुठे? एच फाइलच्या टोकाला, कोपऱ्यातल्या घरात. ते घर काळे. आणि त्याचा उंट होता पांढऱ्या घरांतला. उंट तिरकाच चालतो, घराचा रंग बदलत नाही. तो जन्मभर फिरला तरी त्या कोपऱ्यावर त्याचा जोर पडायचा नाही. पोरीचा राजा दोन चालींत कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथून हलायलाच तयार नाही. बाहेर यायचे, परत आत जायचे. विद्यार्थ्याने उंट इकडून फिरवला, तिकडून फिरवला, राजा जवळ आणला. चालीला दहा सेकंद मिळत होते, त्यामुळे झेंडी पाडून जिंकायचीही सोय नाही. शेवटी प्यादे सातव्या घरात ढकलले, राजा त्याच्या जोराला उभा केला, आणि पोरीच्या राजाला हलायला एकही घर उरले नाही. शह नाही, चाल नाही. कुजीमात. बरोबरी.

तिने हात मिळवला, निकालाच्या चिठ्ठीवर अर्धा-अर्धा लिहिले आणि खाली वडा खायला पळाली. नंतर मी तिला विचारले, घोडा देताना हे सगळे दिसले होते का? म्हणाली, 'काका, दुसरे प्यादे मारले असते तरी चालले असते, पण मग तो प्याद्याने घोडा खाणार. राजाने खाल्ला तर त्याचा राजा लांब जातो.' मी घरी जाऊन पट मांडून पाहिले. खरे होते.

रॅपिडमध्ये चाली लिहिण्याची सक्ती नसते. पण तिने त्या डावाच्या शेवटच्या तीसेक चाली पेअरिंगच्या, म्हणजे कुणाचा डाव कुणाशी त्या, कागदामागे आठवून लिहून दिल्या, एकही न चुकता. तो कागद माझ्या दुकानात काचेखाली आहे. गिऱ्हाईक सेल बदलायला आले की विचारते हे काय. मी दाखवतो. त्यांतल्या कित्येकांना घोडा अडीच घरे जातो यापलीकडे काही येत नाही, तरी काळे घर आणि पांढरा उंट म्हटल्यावर लोक हसतात, 'आयला, बरोबर आहे की' म्हणतात. एक जण तर सेल बदलायचा विसरून गेला.

त्या मुलीचा स्पर्धेत कितवा नंबर आला ते सांगण्यासारखे नाही. तुमच्या बातमीच्या पद्धतीत ती कधीच बसणार नाही, कारण तिचा डाव बरोबरीत सुटला आणि बक्षीस मिळाले नाही. पण त्या दिवशी हॉलमधला सगळ्यात सुंदर डाव तोच होता, असे आमच्या पंचांचेही मत पडले.

तुम्ही म्हणाल, कळणार कुणाला? हा प्रश्न मलाही मंडळातल्या दोघा-तिघांनी विचारला. माझे उत्तर असे की लोकांना कमी लेखू नका. डी. गुकेश 12 डिसेंबर 2024 ला सिंगापूरमध्ये जगज्जेता झाला तेव्हा सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर त्याचा रडतानाचा फोटो आला. 18 वर्षांचा पोरगा, आजवरचा सर्वांत तरुण जगज्जेता, चेन्नई, आई-वडील, शाळा, सगळे आले. पण तो जिंकला कसा? निम्म्या लोकांना वाटते चौदाव्या डावात त्याने काहीतरी जबरदस्त हल्ला केला. तसे काही नव्हते. डाव बरोबरीकडे चालला होता. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते, पण एवढ्या मोहऱ्यांत तेवढ्याने जिंकता येत नाही. 55 व्या चालीला समोरच्या डिंग लिरेनने, म्हणजे तोवरच्या जगज्जेत्याने, हत्ती एफ-2 घरात आणला. गुकेशने हत्तीला हत्ती मारून घेतला आणि लगेच आपला उंट डिंगच्या उंटासमोर उभा केला. डिंगचा उंट पार कोपऱ्यात अडकलेला, पळायला जागा नाही. उंटही कटले. मग उरले राजे आणि प्यादी, तिथे गुकेशचे एक जादा प्यादे पुरेसे होते. 58 व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला. साडेसात विरुद्ध साडेसहा.

हे सांगायला मला एक परिच्छेद लागला. यात न कळण्यासारखे काय आहे? आणि हे कळले की तो फोटोही वेगळा दिसतो. हत्तीची ती चाल पाहून गुकेश आधी दचकला होता, खुर्चीत सरसावून बसला होता. रडू नंतर आले.

नागपूरच्या दिव्या देशमुखचेही तसेच. जुलै 2025 मध्ये जॉर्जियात बातुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हंपीसारखी दिग्गज. पहिले दोन डाव बरोबरीत, मग जलद टायब्रेकमध्ये दीड विरुद्ध अर्धा. त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली, देशातली 88 वी. आपल्याकडे छापून आले ते आईच्या गळ्यात पडून रडणे. ते छापायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण महाराष्ट्राची पोर विश्वचषक जिंकते आणि महाराष्ट्राच्या पेपरात तिची एक चाल वाचायला मिळत नाही, हे पटत नाही.

डावाकडे न बघता नुसत्या आकड्यांकडे बघितले की काय होते त्याचा एक किस्सा सांगतो. 1 मार्च 2024 पासून फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, रेटिंगचा, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्याचा, तळ 1000 वरून 1400 केला आणि 2000 च्या खालच्या सगळ्यांचे रेटिंग एका सूत्राने वर सरकवले. तुमचे रेटिंग 2000 ला जेवढे कमी, त्याच्या 40 टक्के वाढवून मिळाले. म्हणजे ज्याचे 1000 होते तो झोपेतून उठला तो 1400 चा होऊन. आमच्याकडच्या एका पालकांनी पेढे वाटले. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. व्हॉट्सअ‍ॅपवर '400 गुणांची गरुडझेप' असे पोस्टरही फिरले, पोराच्या फोटोसकट. पोरगा माझ्याकडे येऊन म्हणतो, 'काका, मी तर महिनाभर खेळलोच नाही, परीक्षा होती.' पोरांना खरे काय ते माहीत असते.

आकड्यांचा हा सोस पालकांत फार वाढलाय. स्पर्धा संपली की पोराला विचारतात, किती पॉइंट, रेटिंग वाढले की घटले. डाव दाखव म्हणणारा बाप मी क्वचित पाहिला. पेपरातही आकडेच आले तर त्यांचे तरी काय चुकले?

शेजारच्या सांगलीचे नाव काढले की कोल्हापूरकर जरा सावरून बसतो, पण बुद्धिबळात सांगली आपल्या पुढे आहे हे मान्य करायला हवे. तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ 1941 पासून आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी ते वाढवले. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या, पद्मश्री भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्या. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटेही सांगलीच्या. असे एका पिढीत होत नाही. एकाने डाव मांडायचा आणि चार जणांनी भोवती उभे राहून 'इथे हत्ती का नाही घेतला' म्हणून वाद घालायचा, असे वर्षानुवर्षे चालते तेव्हा गावाला खेळाची गोडी लागते. आपल्याकडे कुस्तीची गोडी अशीच तर लागली. कोल्हापूरची ऋचा पुजारी महिला इंटरनॅशनल मास्टर आहे, ही काय लहान गोष्ट झाली? पण तिचा एखादा डाव सांगा म्हटले तर गावात किती जणांना सांगता येईल?

आमच्या मंडळाबद्दल थोडक्यात. रोज संध्याकाळी सहा ते नऊ हॉल उघडा असतो. कुणीही यावे, फी नाही, वही-पेन आणले तर बरे. रविवारी सकाळी नवशिक्यांना शिकवतात. मे महिन्यात शिबिर असते. रोजचे मेंबर म्हणजे निवृत्त तलाठी, एक रिक्षावाला, दोन वकील, मटणाच्या दुकानातला एक हुशार पोरगा (रविवारी तो येत नाही, का ते कोल्हापूरकरांना सांगायला नको) आणि शाळकरी मुले. गणपतीत मिरवणुकीचा आवाज सुरू झाला की आम्ही खिडक्या लावून घेतो, तरी पटावरची प्यादी थरथरतात. यंदा आमच्या तिघा मुलांना पहिल्यांदा फिडे रेटिंग मिळाले. गेल्या पावसाळ्यात छत गळून सहा पट भिजले, नवे आणले, त्याचा हिशेब वार्षिक सभेत दिला आहे.

आता तुमच्या सोयीचे बोलतो. पेपरात जागा किती महाग असते हे मी जाणतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाची जाहिरात द्यायला आलो होतो तेव्हा दर ऐकला आहे. म्हणून मी फार मागत नाही. एका कॉलमात मावेल एवढी पटाची आकृती आणि खाली पाच-सहा ओळी. आकृती आमची पोरे संगणकावर काढून देतील, तुमच्या ऑपरेटरला काही करावे लागणार नाही. चालींना इंग्रजी अक्षरेच हवीत असे नाही, हत्ती, घोडा, उंट, वजीर सरळ मराठीत लिहू. डाव निवडताना पहिल्या नंबराचाच निवडणार नाही. बरोबरीचा असेल, हरलेल्याचाही असेल, फक्त त्यात बघण्यासारखे काहीतरी असेल. लहान मुलांचे नाव छापायचे तर आई-वडिलांची लेखी परवानगी घेऊन पाठवू. चूक गेली तर दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात उभी राहणारी माणसे आमचीच असतील, हेही मान्य.

आणि आकृतीखाली 'पांढऱ्याची चाल, उत्तर उद्या' असे छापून बघा. शब्दकोडे सोडवणारे सकाळी पेपरवाल्याची वाट बघतात, तसे बुद्धिबळवालेही बघतील. माझ्या दुकानात तुमचा पेपर येतोच. त्या दिवशी तो दुपारपर्यंत जागेवर राहणार नाही एवढे खात्रीने सांगतो.

पुढची स्पर्धा 26 जूनला, शाहू जयंतीला आहे. आपल्या वार्ताहराला सकाळी उद्घाटनाला पाठवण्यापेक्षा दुपारी चारनंतर पाठवा, शेवटच्या दोन फेऱ्या तेव्हा असतात. बसायला खुर्ची आणि चहा देऊ, शेजारी डाव समजावून सांगणारा माणूसही देऊ. डाव, आकृती आणि मजकूर संध्याकाळी आठच्या आत तुमच्या कार्यालयात पोचेल, ती जबाबदारी माझी. उपस्थितांची यादी या वेळी पाठवणार नाही. अध्यक्षांशी बोलणे झाले आहे. त्यांची हरकत नाही, त्यांचा फोटो तेवढा ठेवा म्हणतात. पट या वेळी मी स्वतः मांडून ठेवीन.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
एक घड्याळजी आणि बुद्धिबळ मंडळाचा खजिनदार,
महाद्वार रोड, कोल्हापूर